माप बरोबर

कि.मी. ०. माप बरोबर.

"आमच्या घरचं नाव घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही," असं म्हणून म्हातारीने हातातली लाकडी पट्टी मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सकाळपासून तिसऱ्यांदा. संग्रहालयाच्या दारात पाथरवट छिन्नी घेऊन ताटकळत होता. दगड नऊ नावांसाठी आखलेला. आठ कोरून झाली होती. नववं, दुसऱ्याच एका माणसाचं, मास्तरांनीच पुराव्याअभावी काढून टाकलं होतं. संध्याकाळी दगड भिंतीत बसायचा होता. एकदा बसला की बसला.

कि.मी. ४. माप बरोबर.

या रेल्वेचा इतिहास लिहिण्यात मास्तरांची अकरा वर्षं गेली होती. जमिनीचं एक लांबट बोट समुद्रात शिरलेलं. त्याच्या टोकावर परक्या सैन्याने तोफखाना बांधला आणि तिथवर अडीच फुटी रूळ टाकले. गावातल्या कोणी गाडीत बसायचं नाही. दारूगोळा जायचा, रिकाम्या वाघिणी परत यायच्या. शेवटी एक अजस्र तोफ आली. ती टोकाला पोचली असती तर खाडीपलीकडचं शहर उरलं नसतं. नवव्या किलोमीटरच्या वळणावर रूळ फाकले आणि तोफ समुद्रात गेली.

दगडावरची आठ नावं त्या सैन्याला नडलेल्या माणसांची. म्हातारीचा बाप मात्र त्याच रुळांचा मुकादम. रोज पट्टी घेऊन चालायचा. दोन रुळांमध्ये पट्टी बसली नाही तर खिळे उपटून रूळ सरकवायचा, बसेपर्यंत. मग वहीत लिहायचा: माप बरोबर. तशा चार वह्या मास्तरांच्या कपाटात होत्या. एका दिवसाचा खाडा नाही.

"चौकशी झाली होती, आजी," मास्तर समजुतीने म्हणाले. "त्यांच्या अधिकाऱ्याने वळणाच्या अलीकडचे, पलीकडचे रूळ ह्याच पट्टीने मोजले. चपखल बसली. खापर वाळूवर फुटलं आणि तुमच्या वडिलांना शाबासकीचं पत्र मिळालं. ते परक्यांशी इमानी होते."

"मी कुठे नाही म्हणते?"

कि.मी. ६. माप बरोबर.

मग ती सांगत बसली. मास्तरांना ऐकावं लागलं, कारण दार तिच्या खुर्चीमागे होतं.

गाव त्या घराशी बोलत नव्हतं. पाण्याच्या रांगेत माय-लेकींचा नंबर नेहमी शेवटचा, कितीही लवकर गेल्या तरी. बाप घरी आला की आधी पट्टी भिंतीला टेकवायचा, मग पोरीकडे बघायचा. पट्टीच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. त्या गंजलेल्या त्याला खपायच्या नाहीत, म्हणून दर रविवारी आईकडून त्यांना तेल लावून घ्यायचा आणि स्वतः ताणून द्यायचा. आई सैन्याच्या भटारखान्यातले रिकामे डबे कापून रॉकेलच्या चिमण्या करायची. गाव तिला चिमणीवाली म्हणायचं आणि तिची एकही चिमणी विकत घ्यायचं नाही. ती करतच राहिली. मेली तेव्हा फळीवर दीडशे चिमण्या होत्या, सगळ्या कोऱ्या.

सांगताना म्हातारीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"मास्तर, एवढी मोकळी जागा दगडाला शोभत नाही," पाथरवट दारातून म्हणाला. "माझं नाव टाकू का? मी सासऱ्याला नडलोय."

कि.मी. ८. माप बरोबर.

म्हातारी उठली. पुरावा हवा ना, मग बाहेर चला, म्हणाली.

संग्रहालयासमोर चाळीस पावलं रूळ नव्याने मांडले होते, सैन्याच्या मूळ नकाशाबरहुकूम. तिने पट्टी आडवी धरली. एक टोक आत गेलं. दुसरं रुळाच्या डोक्यावरच अडलं. करंगळीच्या जाडीएवढी पट्टी जास्त होती.

मास्तर म्हणाले, समुद्राची हवा, लाकूड फुगतं.

"मग टोपी काढा."

पाथरवटाने छिन्नी लावली. टोपी निघाली आणि मागोमाग पत्र्याच्या गोल चकत्या रुळांवर खणखणत पडल्या. नखासारख्या पातळ, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मास्तर उकिडवे बसून मोजत गेले. अठ्ठावीस.

मग त्यांनी हिशेब जुळवला. महिन्याला एक चकती सरकवली असेल. पट्टी केसाकेसाने वाढली आणि तिच्या मागे रूळही. हलक्या वाघिणींनी ते सोसलं. तोफेला सोसलं नाही. आणि चौकशी झाली तीही ह्याच पट्टीने.

कि.मी. ९.

मास्तरांनी म्हातारीपुढे हात जोडले. अकरा वर्षं आपण चुकीचा इतिहास लिहिला, म्हणाले. मग पाथरवटाकडे वळले.

"मुकादमांचं नाव घ्या. सगळ्यांच्या वर बसतं का बघा."

पाथरवटाने छिन्नी टेकवली. म्हातारीने दगडाच्या मोकळ्या जागेवर तळहात पसरला.

"बाबांचं नको," ती म्हणाली. "त्यांना कळलं असतं तर त्यांनीच तिला धरून दिलं असतं. चिमणीवाली, असं लिहा."