उणे चाळीस

पांढऱ्या अडॅप्टरने सरळ हात वर केले. फोनवर अक्षरं उमटली:

हे वाहन फार जुने आहे.

"आणि सगळ्यात महाग हाच," दीर म्हणाला. त्याने पांढरी डबी स्टिअरिंगखालच्या खाचेतून उपटली आणि खिशात कोंबली. "उद्धट आहे, वहिनी. सोडा त्याला. निळा लावू."

ती ड्रायव्हिंग शिकवायची. एकच गाडी, अठरा वर्षांची, दोन ब्रेकची: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक तिच्या. आज चार वाजता गाडीची वार्षिक तपासणी, आणि डॅशबोर्डवर सकाळपासून इंजिनाचा पिवळा दिवा. तो दिसला की तपासनीस गाडी फाटकातूनच परत पाठवणार, परवाना अडकणार, आणि सोमवारपासून सात विद्यार्थी हवेत स्टिअरिंग फिरवणार. मेकॅनिकने तर लांबूनच निकाल देऊन टाकला होता: इंजिनाचा कंप्युटर गेला, म्हातारीला भंगारात घाला.

म्हणून ती दिराच्या दुकानासमोर उभी होती. दुकानात मोबाइलची कव्हरं, चार्जर, आणि काडेपेटीएवढे तीन तऱ्हांचे अडॅप्टर. गाडीत खोचले की गाडीला काय होतंय ते फोनवर सांगतात.

सांगतात म्हणे.

निळा. सगळ्यात स्वस्त. डोळा मिटायच्या आत जोडला गेला.

कोणताही दोष नाही.

"बघा! ठणठणीत. दिवाच खुळा आहे तुमचा."

काळा. मधल्या किमतीचा, खोका फाटका. फोनवर गोल नुसतं फिरत राहिलं, फिरत राहिलं, दीर जांभई द्यायच्या बेतात आला, आणि मग

एक दोष. इंजिनाच्या पाण्याचे तापमान: उणे ४०.

दिराची जांभई हसण्यात फुटली. "उणे चाळीस! इथे डांबर वितळतंय, वहिनी! हा तर अट्टल थापाड्या. निळाच घ्या. डझनभर विकलेत मी. एकाचीही तक्रार नाही."

एकाचीही तक्रार नाही.

ती तिथेच अडकली. असे विद्यार्थी तिच्याकडेही येतात. हो बाई, कळलं बाई, जमलं बाई. त्यांच्यासाठी तिची एक परीक्षा होती, जी ती आधी कुणालाच सांगत नसे. याच रस्त्याला, पुढच्या वळणावर, डाव्या गल्लीच्या तोंडाशी प्रवेश बंदची लाल पाटी. तिथे पोचलं की ती अगदी शांतपणे म्हणायची, "डावीकडे घे." जो मुकाट वळायला जाई त्याला तिचा ब्रेक, आणि आणखी एक आठवडा. जो म्हणे, बाई, तिकडे बंद आहे, तो पास.

तिने बॉनेट उघडलं.

"आता काय करताय?"

"चूक."

इंजिन चालूच होतं. हवेच्या सेन्सरचा चांगला धडधाकट प्लग तिने ओढून काढला. म्हातारीला ठसका लागला. अख्खी गाडी थरथरली.

"निळा लावा, भावजी."

कोणताही दोष नाही.

"काळा."

फिरलं, फिरलं.

दोन दोष.

दुसरा नेमका हवेच्या सेन्सरचा. दीर फोनकडे बघत राहिला. "म्हणजे हा..."

"हा खरं बोलतोय! गाडीलाच कुणीतरी थाप मारतंय!" तिचा आवाज इतका चढला की पलीकडचा शिंपी बाहेर डोकावला. "तिला खरंच वाटतंय, आपण बर्फात उभ्या आहोत!"

प्लग परत बसवला. इंजिन बंद. मग पाण्याची नळी, नळीवरचा सेन्सर, सेन्सरची वायर, वायरवरून सरकणारं तिचं बोट, बोटामागे तिची मान, मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरून वाकलेला दीर, आणि बोट थांबलं. वायर कुरतडलेली. बारीक बारीक दात.

"उंदीर!" दोघं एकदम ओरडले, खजिना सापडल्यासारखे.

दीर दुकानात पळाला आणि चार्जर दुरुस्त करायचं सोल्डरिंगचं डाखण घेऊन आला. हात त्याचा, फुंकर तिची. वर टेप.

इंजिन चालू.

उणे ४०

उणे ४०

८९

"एकोणनव्वद!" तिने दिराच्या पाठीत असा धपाटा घातला की डाखण उडून गटाराच्या झाकणावर पडलं.

दोष पुसले. किल्ली बंद, किल्ली चालू. पिवळा दिवा लागला, क्षणभर रेंगाळला,

गेला.

तीन वाजून वीस मिनिटं. दिराने काउंटरवरचे निळे सगळे काढून खणात टाकले. "बारा जणांना फोन करावा लागणार," तो पुटपुटला आणि त्याने शटर ओढलं.

"तुम्ही चालवा, भावजी. मला आकडा बघायचाय."

ती शिकवणाऱ्याच्या सीटवर बसली. काळा स्टिअरिंगखाली, दिराच्या गुडघ्यापाशी लुकलुकत होता. "अठ्ठ्याऐंशी... एकोणनव्वद... अहो, अजून एकोणनव्वदच! कसली गुणाची आहे! डावीकडे घ्या."

इंडिकेटर वाजला नाही.

"वहिनी, तिकडे बंद आहे," दीर म्हणाला. मग जरा पुढे गेल्यावर, तिरक्या नजरेने: "परीक्षा घेत होतात, का खरंच?"

तिने फोनवरून मान वर केली. लाल पाटी मागे जात होती. परीक्षेच्या वेळी जिथे तिचा पाय तयार असे, तो तिच्या बाजूचा ब्रेक मोकळाच होता. ती सीटवर मांडी घालून बसली होती.