तपासनिसांचा उजवा पाय

"झाकण!" तपासनीस बाथरूममधून ओरडले. "टूथपेस्टचं झाकण पुन्हा उघडं! आणि ट्यूब पुन्हा मधूनच पिळलेली!"

"राहिलं असेल," बायको गाडीची किल्ली शोधत म्हणाली. "चला आता. नऊच्या आत पोचायचंय."

गल्लीत त्यांना सगळे तपासनीस म्हणत. हा हुद्दा नव्हता, स्वभाव होता. चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर तपासायला कागद उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घर हाती घेतलं. बरणीचं अर्धवट लावलेलं झाकण, पलंगावरचा ओला टॉवेल, रिकाम्या खोलीत गरगरणारा पंखा, उलटी घडी घातलेलं वर्तमानपत्र. खिशात छोटी वही आणि लाल पेन्सिल कायम असायची. रोजच्या चुकांना रोजचं नवं पान.

आज मात्र घर थोडक्यात सुटलं. आज गाडीची परीक्षा होती आणि ही चौथी खेप होती. आधीच्या तिन्ही वेळा माशी एकाच ठिकाणी शिंकली होती. चढावर गाडी थांबवायची आणि पुन्हा पुढे न्यायची, काम एवढंच. तिन्ही वेळा गाडी मागे घरंगळली. तिसऱ्या वेळी तर कुंपणालाच जाऊन टेकली.

या वेळी नापास होऊन चालणार नव्हतं. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर महिनाभर गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमके त्याच महिन्यात लेकीचे दिवस भरत होते. लेक तासाभराच्या अंतरावर राहायची, जावई जहाजावर, आणि तिकडे जाणारी शेवटची बस दुपारीच सुटायची. आयत्या वेळी फोन आला तर काय, या विचाराने दोघांचीही झोप उडाली होती. घरात गाडी चालवणारं दुसरं माणूस तयार व्हायलाच हवं होतं.

बायकोने मागच्या काचेवर लाल 'एल' चिकटवला.

"तिरका आहे," तपासनीस म्हणाले.

तिने तो काढून पुन्हा लावला. "आज काय बोलायचं ते बोलून घ्या. मी उलट शब्द काढणार नाही."

"बरं वाटलं ऐकून," असं म्हणत ते गाडीत बसले आणि त्यांनी वही उघडली.

रस्त्याने त्यांना निराश केलं नाही. सिग्नल हिरवा होण्याआधीच मागच्याने हॉर्न वाजवला. एक मोटारवाला इंडिकेटर न दाखवता उजवीकडे वळला. एक दुचाकीवाला फोन खांद्याला लावून, मान वाकडी करून, थेट फुटपाथवरून गेला. लाल पेन्सिल भराभर चालत होती.

"दोन्ही हात!" तपासनीस एकदम म्हणाले. "स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेव! पुस्तकात काय लिहिलंय?"

"ठेवले."

नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. त्यात छपाईच्या अकरा चुका त्यांनी शोधल्या होत्या आणि यादी करून संबंधित कचेरीला पाठवलीही होती. उत्तर आलं नव्हतं. तीही चूक वहीत होती.

त्यांचा उजवा पाय मात्र स्वस्थ नव्हता. पुढची गाडी जरा जवळ आली की तो समोरच्या रिकाम्या जागी ब्रेक दाबायचा. एवढ्या वर्षांत तिथलं रबरी पायपुसणं झिजून भोक पडलं होतं.

"अहो, तो पाय जरा गप्प ठेवा ना."

"माझा पाय आहे म्हणून वाचतोय आपण."

बायको हसली. पुढच्या चौकात तिने वेग कमी केला आणि डोळे बारीक केले. "त्या पाटीवर काय आहे?"

"'परीक्षा मैदान, डावीकडे'. एवढी मोठी पाटी! लक्ष कुठे आहे?"

"पाटीकडेच आहे," ती म्हणाली आणि डावीकडे वळली.

मैदानात आधीच पाचसहा गाड्या रांगेत होत्या. समोर तो चढ दिसत होता. तपासनिसांनी वही मिटली. लेकीचा सकाळचा फोन दोघांनाही आठवत होता. 'आई, बाबा, आज जमवाच हं,' एवढंच ती म्हणाली होती.

"अर्धा क्लच," तपासनीस हळूच म्हणाले. "मग थोडा अ‍ॅक्सिलरेटर. गाडीने जोर घेतला की मग हँडब्रेक सोडायचा. घाई करायची नाही."

"नाही करायची," बायको म्हणाली.

"मागे कोण हॉर्न वाजवतंय, ते ऐकायचं नाही."

"मुळीच नाही."

"अर्धा क्लच..."

"एकोणीस नंबर!" कचेरीच्या खिडकीतून कारकून ओरडला.

बायकोने इंजिन बंद केलं, पट्टा काढला आणि ती खाली उतरली. तपासनीसही उतरले. त्यांनी वही आणि लाल पेन्सिल तिच्या हातात दिली.

"एकही चूक सोडू नकोस," ते म्हणाले.

मग ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, स्टिअरिंगमागे बसले आणि सीट पुढे ओढून घेतली. शेजारच्या सीटवर परीक्षक येऊन बसला. गाडी दोन आचके देऊन निघाली आणि चढावर मधोमध थांबली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. कुंपणाबाहेर बायकोने वही न उघडताच उजवा पाय मातीत घट्ट रोवला, आणि गाडी चढ चढून पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तो उचलला नाही.