फॅमिली बिल्डिंग

"खलीलभाई, हा कागद तुम्हीच फिरवा. तुम्हाला बिल्डिंगमध्ये कोणी नाही म्हणायचं नाही," शेजारच्या शोभावहिनी म्हणाल्या.

मालकाच्या नावे इंग्रजी अर्ज होता. ही फॅमिली बिल्डिंग आहे, सबब इथल्या बॅचलर लोकांना ताबडतोब बाहेर काढावं.

"आमच्या अंतराला लिफ्टमधून जायची भीती वाटते हो," वहिनी खाली बघत पुटपुटल्या.

खलीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौथ्या मजल्यावरची ती दोन इजिप्शियन पोरं! दिवसभर गाणी काय, धुडगूस काय! बिचारी अंतरा. तो लिफ्टमध्ये रोज विचारायचा, "कशी हायस गो बाय?" तर पोर हूं की चूं करायची नाही. इंग्रजी शाळेतली मुलं, मराठी कुठून येणार, असं त्याला वाटायचं.

शिवाय पुढच्या महिन्यात रत्नागिरीहून त्याची बायको जैतून आखातात येणार होती, दोन्ही मुलींना घेऊन. त्यासाठीच तर स्टेडियमच्या साइटवरचा हा सर्व्हेअर दोन महिन्यांपूर्वी कंपनीचा कॅम्प सोडून ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या बिल्डिंगमध्ये राहायला आला होता. भाडेकरार असेल तरच फॅमिली व्हिसा. करार गेला की व्हिसाही खलास.

"काळजी सोडा, वहिनी. आपली माणसं अडचणीत असताना मी गप्प बसू होय?"

शुक्रवारी नमाज आटोपून तो दारोदार फिरला. मल्याळी कुटुंबानं सही केली, फिलिपिनो नर्सनं केली. लाहोरच्या सायराबाजींनी मात्र अर्ज दोनदा वाचला.

"ये आप खुद लाए हैं?"

"जी, खुद!" खलीलची छाती फुगली.

त्यांनी मान वर न करता सही केली. सगळ्यांच्या खाली खलीलनं स्वतःची ठोकली. पूर्ण नाव, फ्लॅट नंबरासकट.

आठवड्यानं वॉचमन इब्राहीम मालकाची नोटीस घेऊन आला. एक तारखेच्या आत जागा खाली करा.

"अरे, मेरे पास क्यों? चौथे माले पे दे ना," खलील हसत म्हणाला.

"वो दोनों तो माँ के साथ रहते हैं, भाई. वो फॅमिली है." इब्राहीमनं पाकीट त्याच्याच हातात ठेवलं. "इधर जिसकी बीवी मुल्क में, वो बॅचलर. पूरी बिल्डिंग में आप एकही हो."