अमुकवाडीचा तलाव

"अमुकवाडी म्हणजे नेमकं कुठं आलं, मास्तर?" कारकुनाने चष्म्यावरून पाहत विचारलं.

"कुठंच नाही," आसाराम मास्तर म्हणाले. "तीच तर चूक झाली. माझ्याकडून."

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला, तेव्हा आसपासच्या आठ वाड्यांनी सरकारकडे दुष्काळी काम मागायचं ठरवलं. अर्ज लिहिणारे मास्तर एकटेच. त्यांनी एक नमुना तयार केला. 'अमुकवाडीच्या उत्तरेस पाझर तलाव झाल्यास अमुकवाडीच्या लोकांस गाव सोडावे लागणार नाही.' प्रत्येक प्रतीत अमुकवाडी काढायची आणि त्या त्या वाडीचं नाव घालायचं. सात अर्ज नीट झाले. आठवा त्यांच्या स्वतःच्या खैरदऱ्याचा. तोवर हात भरून आला होता. नमुन्यात होतं तसंच त्यांनी उतरवून काढलं आणि वाडीतल्या माणसांनी खाली अंगठे उमटवले. त्यांना वाचता येत नव्हतं. मास्तरांना येत होतं, पण त्यांनी वाचलं नाही.

आठांतला नेमका तोच अर्ज मंजूर झाला.

"तेवढी एक ओळ बदलून द्या," मास्तर म्हणाले. "अमुकवाडीच्या जागी खैरदरा."

कारकुनाने मंजुरीचा हुकूम पुन्हा वाचला. "म्हणजे या नावाचं गाव तालुक्यात नाहीच?"

"नाही."

"शेजारच्या तालुक्यात?"

"अहो, अमुक म्हणजे..." मास्तर ओशाळले. "नाही. कुठंच नाही."

कारकुनाने हुकूम फाईलमध्ये घातला, नाडी बांधली आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं. या कचेरीत मास्तरांना आजवर कुणी बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

"मंजूर हुकमातलं अक्षर हलवायचा अधिकार मला नाही," तो म्हणाला. "वर लिहून विचारतो. तुम्ही या वयात खेटे घालू नका. काम मंजूर आहे, ते कुठं जात नाही."

मास्तर पायीच परतले. पारावर पुंजाराम वाडीतल्या माणसांसोबत वाट पाहत बसला होता. सोमवारी मुकादमाचा ट्रक येणार होता. त्यात बसून अर्धी वाडी कोपरगावकडे ऊस तोडायला जाणार, आणि शाळेतली निम्मी पोरंही. गेल्या साली गेलेल्यांतली तीन घरं परतलीच नव्हती.

"झालं का नाव?" पुंजारामने विचारलं.

"हुकूम बदलत नाही म्हणतात."

पुंजारामची बायको बायडाबाई घागर टेकवून उभी होती. ती म्हणाली, "हुकूम बदलत न्हाई तर आपून बदलू. वाडीलाच अमुकवाडी म्हना."

"आन् तुझ्या म्हायेरी काय सांगायचं?" पुंजाराम म्हणाला. "पोरगी अमुकवाडीला दिली?"

"दिली तवा तरी कुटं नाव इचारलं हुतं कुनी?"

माणसं हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून मग हसणं थांबल्यावरही कुणी उठलं नाही.

"मास्तर, चुकी तुमची हाय," बायडाबाई म्हणाली. "लिवा ठराव."

मास्तरांनी लिहिला. या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. सकाळी शाळेच्या पाटीवरचं खैरदरा त्यांनी स्वतः खरवडून काढलं आणि चुन्याने नवं नाव लिहिलं. बाप याच वाडीत वारला होता, आजाही. ब्रश धरलेला हात थोडा थांबला, इतकंच.

सोमवारी ट्रक आला. "काम मंजूर हाय आमचं, आमी येत न्हाई," पुंजारामने सांगितलं.

"फुडं बोलवाल तर म्या यायचो न्हाई," मुकादम म्हणाला.

"नगं येऊ."

ट्रक रिकामा गेला. वाडी वाट पाहू लागली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. जागा आखायला कुणी आलं नाही. बायडाबाई रोज माळावर चढून रस्ता बघे आणि तशीच उतरे. संक्रांत गेली. रेशनची लाल मिलो ज्वारी संपत आली. पुंजारामने बैल बाजारात नेला आणि घेणारं कुणी नाही म्हणून परत आणला. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण मास्तर दिसले की माणसं बोलता बोलता थांबत.

खेटे घालू नका, या कारकुनाच्या शब्दावर थांबलेले मास्तर दीड महिन्याने ठराव घेऊन पुन्हा तालुक्याला गेले. उशीरच झाला होता. आपण आधीच यायला हवं होतं, असं त्यांना वाटेभर वाटत राहिलं.

कारकुनाने ठराव सावकाश वाचला. "म्हणजे आता अमुकवाडी तुमचीच."

"होय. सगळ्यांचे अंगठे आहेत खाली. आता तरी काम सुरू करा."

"सुरू?"

कारकुनाने फाईलची नाडी सोडली आणि मजुरांच्या हजेरीपटांचा गठ्ठा मास्तरांपुढे सरकवला. पानामागून पान अंगठ्यांनी भरलेलं होतं.

"तलाव गेल्या शनिवारी पुरा झाला," तो म्हणाला. "महिनाभर तीनशे माणसं राबत होती तिथं, मजुरीही चुकती झाली. तुम्ही त्याच वाडीचे ना, मास्तर?"