शेवटची फांदी

"म्हणे फांद्या चुलीमागं ठेवा! चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं मी, आता चहावालीकडून धडे घेऊ?" निवृत्त प्राध्यापक कारखानीस कुंपणापलीकडच्या टपरीवरल्या हौसाबाईकडे न बघताच म्हणाले आणि घरात गेले.

पाचगणीच्या थंडीत त्यांनी कोकणातून जास्वंदीच्या तीन फांद्या आणल्या होत्या. दिवंगत बायकोनं लग्नाआधी माहेरी लावलेलं ते झाड रस्त्यासाठी तोडलं गेलं, उरल्या त्या एवढ्याच. मुळं फुटायची पावडर, मोजून पाणी, सगळं शास्त्राप्रमाणे केलं. तरी दोन कुजल्या. तिसरीचं बूड काळं पडू लागलं, तेव्हा मात्र ते कुंडी घेऊन टपरीवर गेले.

"प्रयोग म्हणून देतोय," त्यांनी नाक मुरडलं.

हौसाबाईनं काळं बूड सुरीनं छाटलं, फांदी डब्यातल्या ओलसर वाळूत खोवली आणि डबा चुलीमागच्या उबेला ठेवला. आता हिचा कोळसाच होणार, असं मनाशी म्हणत ते परतले.

दीड महिन्यानं फांदीला दोन कोवळी पानं आली.

"योगायोग!" कारखानीस म्हणाले. "आण इकडे, घरी नेतो."

"एवढ्यात नको, सर." हौसाबाईनं डबा मागं ओढला. "मुळं फुटली का ते तुम्ही घरी रोज सकाळी फांद्या उपटून बघत होता. कुंपणावरनं दिसायचं मला. असं केल्यावर कुठलं झाड जगंल?"

बाकावरची गिऱ्हाइकं खदखदून हसली. कारखानीसांची मान खाली गेली.

"मग कधी येऊ, हौसाबाई?" त्यांनी हळूच विचारलं.