चौसष्टचा पेनड्राइव्ह

मेलेला पेनड्राइव्हही हणमंताच्या हातात जिवंत होतो, असं गावात म्हणायचे. म्हणूनच कांचनताई भावाला घेऊन त्याच्या दुकानात आल्या होत्या. घशाच्या ऑपरेशनमध्ये भावाचा आवाज कायमचा गेला होता.

“ऑपरेशनआधी याने लेकीसाठी गोष्टी सांगितल्या, मी मोबाइलवर शूट केल्या,” ताई म्हणाल्या. “मोबाइल भरला, म्हणून सगळ्या यात टाकून तिकडच्या पुसल्या. आता पहिल्या चारच दिसतात. बाकीच्यांची नुसती नावं, उघडत काहीच नाही.”

हणमंताने चिपच्या पोटात शिरणारं आपलं सॉफ्टवेअर चालवलं. पडद्यावर आकडा आला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर चौसष्ट जीबी छापलेला पेनड्राइव्ह आतून आठचाच होता. आठाचे चौसष्ट दाखवायची करामत त्याने स्वतःच केली होती, याच सॉफ्टवेअरने, आणि विकलाही त्यानेच होता. आठ भरल्यानंतरचं काही आत उतरलंच नव्हतं.

“बाकीच्या गेल्या, ताई.”

“मीच घाईत ओढून काढला असेल. मेली माझी घाई!” ताईंनी डोळ्यांना पदर लावला. भाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

खरं सांगायला हणमंताने तोंड उघडलं. “होतं असं कधी कधी,” एवढंच बाहेर पडलं.

ताईंनी नाक पुसलं. “आता लेकच वाचून दाखवते याला गोष्टी. त्या तरी भरून ठेवते. दुसरा द्या दादा, तुमच्याकडचाच. या खेपेला जपून वापरीन.”