बटणातली बाई

माणसांना हसवणं ही साधना आहे आणि साधकाला कधी ना कधी नोकरीचा मोह सोडावाच लागतो. हे वाक्य निवेदकाने राजीनाम्यात दोनदा लिहिलं होतं, कारण पहिल्यांदा लिहिलेलं त्याचं त्यालाच फार आवडलं.

सकाळी सातच्या कार्यक्रमाआधीच त्याने पाकीट साहेबांच्या टेबलावर ठेवून दिलं. साहेब अकराला येत. कार्यक्रम दहाला संपला. आता फक्त एक चौकशी उरली होती. बायकोने बजावलं होतं, "सोड नोकरी, कर स्टेजवर विनोद. पण ती बाई कोण, ते आधी विचारून घे."

ती बाई बटणात राहायची. अकरा वर्षं तो रेडिओवर विनोद सांगत होता आणि प्रत्येक विनोदानंतर लाल बटण दाबत होता. मग टेपवरचा सभागृहभर हशा उसळायचा. तो ओसरत आला की एक बाई एकटीच, मागून, पोट धरून हसायची. त्या टेपवर तारीख होती त्याच्या पहिल्यावहिल्या प्रयोगाची. खालच्याच सभागृहात झालेल्या. त्या संध्याकाळी भीतीने त्याला काही दिसलं नव्हतं, ऐकूही आलं नव्हतं. ती आपल्या नेमक्या कोणत्या विनोदाला हसली, एवढं कळलं की काम झालं. यापुढचा प्रत्येक प्रयोग तो त्याच विनोदाने सुरू करणार होता.

ध्वनिमुद्रण करणारे काका खिडकीपाशी वायर सोलत बसले होते.

"ती होय? टायपिस्ट बाई," काका म्हणाले. "रिटायर झाल्या."

"कशाला हसल्या हो एवढ्या?"

"खुर्चीला."

"खुर्चीवर माझा विनोद नव्हता, काका."

"तुमचा कुठला? तुम्ही स्टेजवर यायच्या आधी तेव्हाचे साहेब भाषणाला उठले, बोलले, आणि परत बसले ते थेट जमिनीवर. खुर्चीचा पायच निखळला. सगळे हसले. बाई शिस्तीच्या, साहेब स्वतः हसेपर्यंत थांबल्या, म्हणून मागे राहिल्या."

निवेदकाने घड्याळ पाहिलं. दहा वीस.

"म्हणजे मी बोलायला लागल्यावर तुम्ही मशीन बंद केलं होतं?"

"छे, बंद कशाला करू? पूर्ण वीस मिनिटं आहे."

निवेदकाचा जीव भांड्यात पडला. "मग ते कुठंय?"

"नेहमी वापरतो की. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात दोन मिनिटं शांतता लागते ना, तेव्हा तुमच्या विनोदांमधली जोडून लावतो." काकांनी वायरीचं टोक फुंकलं. "रिकाम्या खोलीची शांतता पोकळ वाटते. तुमची भरल्या सभागृहाची आहे. दोनशे माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. अशी पुन्हा मिळाली नाही."

निवेदक उठला. साहेबांची खोली दोन मजले वर होती आणि अकराला अजून अवकाश होता. "साहेबांच्या टेबलावरचं माझं पाकीट उचलून आणतो," म्हणत तो दारापर्यंत पोचला.

"जिने कशाला चढताय?" काका खिडकीतून खाली उभ्या साहेबांच्या गाडीकडे बघत म्हणाले. "साहेब आज नवालाच आलेत."